कलम पंचवीस : गोदाकाठी वाचलेले

राज्यघटनेच्या पंचविसाव्या कलमावर दिल्ली-मुंबईत पुष्कळ लिहून झाले आहे. ते नाशिकात बसून पुन्हा वाचायला एक कारण आहे. ज्या मसुदा समितीच्या हाताखालून हे कलम गेले तिचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर याच जिल्ह्यात दोन वेगळ्या मागण्या घेऊन उभे राहिले होते. १९३० साली काळाराम मंदिरासमोर आत येऊ द्या ही मागणी होती. १९३५ साली येवल्यात मागणी उरलीच नव्हती, निघून जाण्याचा निर्धार होता. धर्मात शिरण्याचा हक्क आणि धर्मातून निघण्याचा हक्क, दोन्हींची तालीम नाशिक जिल्ह्यात झाली. कलम त्यानंतर आले.

जुन्या धर्माला जेवढे संरक्षण मिळते तेवढे कालपरवा जन्मलेल्या पंथाला मिळते का, एवढाच प्रश्न हातात धरून मी कलमाचे एकेक पद घेतो. मूळ मजकुराचा आशय माझ्या शब्दांत दिला आहे. अधिकृत मराठी पाठ ज्यांच्याकडे असेल त्यांनी ताडून पाहावा.

मूळ : सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि या भागातील इतर तरतुदी यांच्या अधीन राहून…

कलमाची सुरुवातच अटीने होते. आधी कुंपण घातले आणि मग शेत दाखवले. मूलभूत हक्कांच्या भागात इतर तरतुदींच्या खाली स्वतःला इतके उघडपणे ठेवणारे दुसरे कलम सापडायचे नाही. ‘इतर तरतुदी’ यात समतेचे चौदावे कलम येते आणि अस्पृश्यता नष्ट करणारे सतरावेही येते. म्हणजे धर्माचा हक्क समतेच्या वर बसू शकत नाही. ज्या माणसाने पंचवटीत काळारामाची दारे बंद झालेली पाहिली त्याच्या मसुद्यात हा क्रम आला, याचे नवल वाटायला नको.

सुव्यवस्थेबद्दल नाशिककरांना वेगळे सांगण्याची गरज नाही. २००३ च्या सिंहस्थात २७ ऑगस्टला झालेल्या चेंगराचेंगरीत तीसहून अधिक भाविक गेले. त्यानंतर कुठला घाट कधी उघडायचा, मिरवणूक कोणत्या रस्त्याने जायची, हे ठरवताना प्रशासनाचा शब्द अधिक जड झाला आणि कुणी त्याला धर्मावरचा घाला म्हटले नाही. अट जुन्यालाही लागते आणि नव्यालाही. ती सारखी लागते का, ते ‘आचरण’ या पदाखाली पाहू.

मूळ : …सर्व व्यक्ती सारख्याच हक्कदार आहेत…

हक्क धर्माला दिलेला नाही, व्यक्तीला दिला आहे. नागरिक असण्याचीही अट नाही. कलमाचा हा कणा आहे आणि वाचताना नेमका तोच निसटतो.

पांडवलेणी चढून जाणाऱ्याला तिथले शिलालेख एक वेगळी व्यवस्था दाखवतात. नहपानाचा जावई उषवदात ब्राह्मणांना तीन लाख गाई दिल्याचे कोरतो आणि त्याच लेखात चारी दिशांहून येणाऱ्या भिक्षूंसाठी लेणे व त्यांच्या निर्वाहाची सोय केल्याचेही सांगतो. ज्या गौतमीपुत्र सातकर्णीची लेखात अद्वितीय ब्राह्मण म्हणून स्तुती आहे त्याची आई गौतमी बलश्री भद्रायणीय भिक्षूंना लेणे देते. आपण या लेखांकडे बोट दाखवून आमची परंपरा किती सहिष्णू, असे म्हणतो. दान मोठे होते यात शंका नाही. पण ते दान होते. देणाऱ्याचा वंश गेला, मन बदलले, तर भिक्षूने दाद कुणाकडे मागायची याचे उत्तर त्या दगडावर नाही. ‘हक्कदार’ या शब्दाने दात्याला मधून काढून टाकले. सहिष्णुता आणि स्वातंत्र्य यांच्यातले अंतर मोजायचे तर लेणी ते घटना एवढे मोजावे लागेल.

‘व्यक्ती’ म्हणजे कोण? कुटुंब नव्हे, जात नव्हे, नवराबायको मिळून एक नव्हे. इथे नाशिकजवळच्या जलालपूरला जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळकांचे उदाहरण घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. नारायण वामन टिळकांनी फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून बायको झाली नाही. तिने वेगळे राहणे सोसले, पुढे एकत्र आल्यावरही आपले सोवळे सांभाळले, आणि १९०० साली, स्वतःला पटले तेव्हा, स्वतःच्या पायांनी ती चर्चमध्ये गेली. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना आपण हसतो, रडतो, पण त्या पुस्तकात पंचविसाव्या कलमातल्या ‘व्यक्ती’ची सर्वांत चांगली मराठी व्याख्या आहे हे आपल्या लक्षात येत नाही. टिळक स्वतःही मिशनमध्ये मावले नाहीत. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही ख्रिस्तभक्त असावेत ही त्यांची कल्पना. आजच्या भाषेत तो नवा धार्मिक पंथच होता. १९१९ मध्ये ते गेले आणि दरबाराचा पसारा वाढला नाही. पंथ टिकला नाही म्हणून तो काढण्याचा हक्क लहान होतो का? ‘सर्व’ आणि ‘सारख्याच’ या शब्दांत अनुयायांच्या संख्येला जागा नाही.

मूळ : …सदसद्विवेकबुद्धीच्या स्वातंत्र्याला…

धर्माच्या आधी विवेक आला आहे. या क्रमामुळे, धर्मच नको म्हणणाराही कलमाच्या सावलीत येतो. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये हेच सांगितले. त्या खटल्यातले अर्जदार येशूला मानत होते, पण ख्रिस्ती धर्म किंवा कुठलाच संघटित धर्म मानत नव्हते. राजपत्रात आपली नोंद ‘धर्म नाही’ अशी व्हावी एवढीच त्यांची मागणी होती. सरकारी मुद्रणालयाने ती नाकारली आणि न्यायालयाने नकार चुकीचा ठरवला. धर्माच्या रकान्यात काहीतरी भरलेच पाहिजे असे कलम म्हणत नाही.

त्याच्या आदल्या वर्षीचा निकाल तर थेट नाशिकचा आहे. शहरातल्या एका शाळेत एक शिक्षक प्रार्थनेच्या वेळी उभे राहत, पण हात जोडत नसत. त्यांची वरची वेतनश्रेणी अडवली गेली. प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि शिक्षकाला हात जोडण्याची सक्ती करता येणार नाही, त्याची वेतनश्रेणी द्या, असा आदेश २०१३ मध्ये झाला.

पूर्वपक्ष असा : शाळेची शिस्त म्हणून हात जोडायला काय हरकत होती? प्रार्थना काही एका धर्माची नव्हती.

उत्तर : ज्याला हरकत नाही त्याने जोडावेत. हरकत आहे की नाही हे ठरवण्याचा अधिकार मुख्याध्यापकांकडे नाही, एवढेच कलमाचे म्हणणे. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये बिजो इमॅन्युएल खटल्यात याची कसोटी घालून दिली आहे. केरळातली यहोवाचे साक्षीदार पंथाची तीन मुले राष्ट्रगीताला आदराने उभी राहत, पण गात नसत. शाळेने त्यांना काढले. पंथ अमेरिकेतला, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला, इकडे मूठभर लोकांचा. न्यायमूर्ती चिनप्पा रेड्डी यांनी पंथाचे वय विचारले नाही, त्याची श्रद्धा आपल्या बुद्धीला पटते का हेही विचारले नाही. ती मनापासून आणि प्रामाणिकपणे धरलेली आहे का, एवढेच पाहिले. मुले शाळेत परत गेली. ही प्रामाणिकपणाची कसोटी लक्षात ठेवावी, कारण दोन पदांनंतर ती हरवते.

मूळ : …धर्म मोकळेपणाने प्रकट करण्याच्या…

१३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले. कोणत्या धर्मात जाणार ते सांगितले नाही. काळाराम सत्याग्रह पाच वर्षे चालून थकला होता. मूर्तिपूजेने कुणाचा उद्धार होईल म्हणून आपण तो लढा काढला नव्हता, लोकांना जागे करायला काढला होता, हे त्यांनी १९३४ मध्येच आपले सहकारी दादासाहेब गायकवाड यांना कळवून टाकले होते. येवल्यानंतर एकवीस वर्षे गेली. शीख धर्माचा विचार झाला, तो मागे पडला. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा झाली.

मधली एकवीस वर्षे या कलमाच्या भाषेत मांडता येतात. येवल्यात विवेक मोकळा झाला, नागपुरात धर्म प्रकट झाला. या दोहोंच्या मध्ये, ६ डिसेंबर १९४८ रोजी, संविधान सभेने हे कलम स्वीकारले. ज्याने एक धर्म मनाने सोडला होता आणि दुसरा अजून उघडपणे घेतला नव्हता अशा माणसाने ते सभेपुढे आणलेल्या मसुद्यात ठेवले होते. विवेक आणि प्रकटीकरण ही दोन पदे कलमात वेगवेगळी का आहेत, याला मला यापेक्षा चांगला दाखला ठाऊक नाही.

प्रकट करणे म्हणजे नेमके काय, हा प्रश्न विदर्भातून सर्वोच्च न्यायालयात गेला. १९६२ साली उमरेडच्या अनुसूचित जातींसाठी राखीव जागेवर निवडून आलेल्या आमदारांची निवड, ते बौद्ध झाले आहेत म्हणून आव्हानित झाली. पंजाबराव विरुद्ध मेश्राम या नावाने तो निकाल ओळखला जातो. न्यायालयाने म्हटले की उघड, सार्वजनिक घोषणा पुरेशी आहे. दीक्षाविधी शास्त्रशुद्ध झाला की नाही हे तपासण्याची गरज नाही. नव्या पंथाच्या दृष्टीने हा उदार निकाल. ज्यांचे पुरोहित नाहीत, दप्तर नाही, शिक्का नाही, त्यांचाही शब्द पुरला.

पण त्याच निकालाने आमदारकी गेली. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशात मुख्यतः हिंदूंनाच स्थान होते. शिखांना १९५६ मध्ये वाट मिळाली, बौद्धांना १९९० पर्यंत थांबावे लागले, ख्रिस्ती आणि मुस्लिम दलित अजून बाहेर आहेत. मोकळेपणाने प्रकट करा, पण प्रकट केलेत तर सवलत सोडा, असे राज्याने बौद्धांना चौतीस वर्षे सांगितले. ‘मोकळेपणाने’ हे क्रियाविशेषण त्यांच्यासाठी तेवढा काळ कागदावरच होते.

मूळ : …आचरण्याच्या…

खरा घोळ इथे आहे.

धर्माचे म्हणून जे जे केले जाते ते सारे संरक्षित मानले तर राज्य चालणार नाही. म्हणून २ डिसेंबर १९४८ ला बाबासाहेबांनी संविधान सभेत सुचवले होते की स्वभावतः धार्मिक असलेल्या श्रद्धा-विधींपुरतीच धर्माची व्याख्या आवरावी. त्यांचा रोख असा की वारसा, भाडेकरार, जमीन हे विषय धर्माच्या नावाखाली येऊ नयेत. १९५४ च्या शिरूर मठ खटल्यापासून न्यायालयांनी हा प्रश्न हळूहळू फिरवला. अमुक आचार धार्मिक आहे का, याऐवजी तो त्या धर्माचा अनिवार्य, गाभ्याचा भाग आहे का, असे विचारले जाऊ लागले. पहिल्या प्रश्नाचे उत्तर कुणीही सुज्ञ माणूस देऊ शकतो. दुसऱ्यासाठी पोथ्या उघडाव्या लागतात, आणि पोथ्या जुन्यांकडे असतात.

आनंदमार्गाचे काय झाले पाहा. पंथ १९५५ साली स्थापन झाला. तांडव नृत्य संस्थापकांनी १९६६ मध्ये विहित केले. कोलकात्याच्या रस्त्यांवर कवटी, त्रिशूळ, सुरा घेऊन तांडव करत मिरवणूक काढायला पोलिसांनी मनाई केली. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणाले की पंथ आधी होता आणि तांडव नंतर आले, तेव्हा ते अनिवार्य नाही. पंथाने पुढे आपल्या आचारग्रंथात तांडवाचा समावेश केला. २००४ मध्ये बहुमताने उत्तर आले की मागाहून घातलेली भर गाभा ठरत नाही. म्हणजे ग्रंथात नाही म्हणून अमान्य, आणि ग्रंथात घातले तर उशिरा घातले म्हणून अमान्य. जिवंत संस्थापक असलेल्या पंथाला या कसोटीतून सुटकाच नाही, कारण त्याचा धर्म अजून घडत असतो. बिजो इमॅन्युएलमधला प्रामाणिकपणा इथे कुणी विचारलाच नाही.

आता सिंहस्थात त्र्यंबकला या. नागा साधूंचे आखाडे त्रिशूळ, तलवारी, भाले घेऊन शाही मिरवणुकीने कुशावर्ताकडे निघतात. प्रशासन रस्ता मोकळा करते, बंदोबस्त देते, वेळ आखून देते. ते योग्यच आहे. हजारो वर्दीतली माणसे नीट राबली की शस्त्रेही शोभेची राहतात. पण मग कोलकात्यात हीच व्यवस्था का झाली नाही? सुव्यवस्थेचा धोका खरोखर होता असे मानले तर त्या एका कारणावर मनाई टिकली असती आणि त्यावर माझी तक्रार नसती. पंथ कोवळा आहे आणि आचार त्याहून कोवळा आहे, हे कारण जोडायची गरज नव्हती. कलमात वयाची अट नाही. ती न्यायालयांनी घातली, आणि माझ्या मते ती चुकीची आहे.

जुने पंथही एकदा कोवळे होते, हे सांगण्यासाठी फार लांब जायला नको. निफाड तालुक्यातल्या सुकेण्यात महानुभावांचे देवस्थान आहे. तेराव्या शतकात उभ्या राहिलेल्या या पंथाने आपले ग्रंथ सांकेतिक लिपीत बंद करून ठेवले. मराठीचे आद्य गद्य त्यात अडकून राहिले आणि विसाव्या शतकात बाहेर आले. त्या काळी गाभ्याची कसोटी लावली असती तर चक्रधरांचा कुठला आचार टिकला असता?

मूळ : …आणि त्याचा प्रसार करण्याच्या अधिकाराला.

संविधान सभेत सर्वाधिक धूळ या शब्दावर उडाली. लोकनाथ मिश्रांना तो नको होता. ताजमुल हुसेन यांना धर्म घरातच ठेवायचा होता. पंडित लक्ष्मीकांत मैत्रांनी तो राखण्याची बाजू घेतली. शब्द राहिला. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ आवळला : आपल्या धर्माची तत्त्वे समजावून सांगता येतील, पण दुसऱ्याचे धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क यात नाही. ऐकणाऱ्याला पटले तर त्याने काय करायचे, हे त्या निकालात नीटसे येत नाही. ते त्याच्या विवेकाच्या खात्यात टाकायला हवे होते.

प्रसार म्हटले की आपल्याला मिशनरी आठवतात. त्यात नाशिकातल्या शरणपूर या मिशन वसाहतीचा इतिहास आड येत असावा. पण आजच्या नाशिकात सर्वांत यशस्वी प्रसार हिंदू परंपरेच्या आतूनच झाला आहे. दिंडोरी प्रणीत श्री स्वामी समर्थ केंद्रे गल्लोगल्ली आहेत, आणि तिथे बायका गुरुचरित्राचे पारायण करतात. स्त्रियांनी गुरुचरित्र वाचू नये हा संकेत अनेक घरांत अजून पाळला जातो. इथे तो कुणी मोर्चा न काढता मोडला. शेजारच्या शिर्डीबद्दल तर उलट बाजूने हल्ला झाला. २०१४ मध्ये द्वारकापीठाचे शंकराचार्य स्वरूपानंद सरस्वती यांनी साईबाबांची पूजा अशास्त्रीय ठरवली. बाबांना जाऊन तेव्हा शंभर वर्षेही झाली नव्हती. शंकराचार्यांना तसे म्हणण्याचा हक्क याच पदाने दिला, आणि भक्तांना न ऐकण्याचाही. गाड्या शिर्डीला जात राहिल्या. कायद्याने यात पडण्याचे कारण नव्हते.

मूळ : (२)(क) धर्माशी निगडित आर्थिक, वित्तीय, राजकीय किंवा इतर ऐहिक व्यवहारांचे नियमन करणारा कायदा करण्यास राज्याला आडकाठी नाही.

विश्वस्त व्यवस्था, हिशेब, जमीन, दानपेटी. १९५० चा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा जुन्या देवस्थानालाही लागतो आणि काल नोंदलेल्या आश्रमालाही. या खंडाखाली जुन्या-नव्याची समता बऱ्यापैकी पाळली गेली आहे, म्हणून फार लिहीत नाही.

मूळ : (२)(ख) समाजकल्याण व सुधारणा, आणि सार्वजनिक स्वरूपाच्या हिंदू धर्मसंस्था हिंदूंच्या सर्व वर्गांना व विभागांना खुल्या करणे…

हे वाक्य काळाराम मंदिराच्या दारात लिहिलेले आहे असे म्हटले तरी चालेल. २ मार्च १९३० ला सत्याग्रह सुरू झाला, रामनवमीला रथाच्या वादातून दगडफेक झाली, आणि दार शेवटी सत्याग्रहाने उघडले नाही, ते कायद्याने उघडले. २०१६ मध्ये शनिशिंगणापूरच्या निमित्ताने उच्च न्यायालयाने १९५६ च्या प्रवेश कायद्याची आठवण दिली, आणि स्त्रियांच्या प्रवेशाचा वाद त्र्यंबकेश्वरच्या गाभाऱ्यापर्यंत येऊन पोचला.

नव्या पंथांची एक अवघड बाजूही या खंडाखाली दिसते, ती लपवू नये. मंदिरप्रवेशाचा कायदा आला तेव्हा स्वामीनारायण संप्रदायातील सत्संगींनी १९४८ साली अहमदाबादेत दावा लावला. आम्ही हिंदू नाही, वेगळा धर्म आहोत, म्हणून हरिजनांना आमची मंदिरे खुली करू नका, असे त्यांचे म्हणणे. १९६६ मध्ये सरन्यायाधीश गजेंद्रगडकरांनी तो फेटाळला आणि हिंदू धर्माची खूण सांगताना लोकमान्य टिळकांच्या व्याख्येचा आधार घेतला. ‘आम्ही वेगळे’ हे वाक्य येवल्यातही निघाले आणि अहमदाबादेतही. एकाने ते अपमानातून सुटण्यासाठी म्हटले, दुसऱ्याने अपमान चालू ठेवण्यासाठी. पंथ नवा आहे म्हणून तो पुरोगामी असतोच असे नाही. पहिल्या ओळीतल्या ‘इतर तरतुदी’ इथे कामाला येतात : ज्याचे वेगळेपण सतराव्या कलमाला चुकवण्यासाठी आहे त्याला या कलमाचा आडोसा नाही.

जुन्यांची अवघड बाजू म्हणजे बहिष्कार. मुंबई राज्याने १९४९ मध्ये बहिष्कृत करण्यालाच बंदी केली. दाऊदी बोहरा धर्मगुरूंच्या अर्जावर १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने तो कायदा रद्द केला. सरन्यायाधीश सिन्हा एकटे विरोधात उभे राहिले. ते बरोबर होते. वेगळे मानले म्हणून ज्याचे दफन आणि लग्नही अडते त्याचे विवेकस्वातंत्र्य उरते कुठे? अर्धशतकानंतर नाशिकातून जातपंचायतींविरुद्ध अंधश्रद्धा निर्मूलन समितीची मोहीम सुरू झाली आणि महाराष्ट्राने सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा केला. तो जुलै २०१७ पासून लागू आहे.

मूळ : स्पष्टीकरण १. किरपाण धारण करणे हे शीख धर्म प्रकट करण्यात समाविष्ट मानावे.

स्पष्ट आहे. एका धर्माच्या एका आचाराला घटनेने नाव घेऊन जागा दिली. बाकीच्यांनी न्यायालयात जावे.

मूळ : स्पष्टीकरण २. खंड (२)(ख) मधील हिंदूंच्या उल्लेखात शीख, जैन व बौद्ध धर्म प्रकट करणाऱ्यांचा समावेश समजावा.

या ओळीचा जितका गैरवापर झाला तितका कलमातल्या दुसऱ्या कुठल्या ओळीचा झाला नसेल. पूर्वपक्ष सर्वांच्या तोंडी आहे : घटनाच बौद्धांना हिंदू म्हणते.

ती तसे म्हणत नाही. ओळ स्वतःच आपली हद्द सांगते : खंड दोन, उपखंड ख. देवळे खुली करण्याचा आणि सुधारणेचा कायदा करताना हे तिन्ही धर्म सोबत धरता येतील, एवढेच. तशी सोय नसली की काय होते ते १९५१ मध्ये अकलूजच्या जैन मंदिराच्या खटल्यात दिसले. जैन हे हिंदूंहून वेगळे म्हणून त्या मंदिरात हरिजनांना कायद्याने प्रवेश मिळत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने ठरवले. मेश्राम निकालातही न्यायालयाने हे स्पष्टीकरण अनुसूचित जाती आदेशाला लावायला नकार दिला.

तरी गैरसमज सरकारी कचेऱ्यांत टिकून आहे. गुजरातमध्ये धर्मांतराला जिल्हाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते. बौद्ध धम्म घेणाऱ्यांचे अर्ज काही कचेऱ्यांतून, पंचविसाव्या कलमानुसार तुम्ही हिंदूंतच मोडता, परवानगी कशाला, असे म्हणून परत केले जात. एप्रिल २०२४ मध्ये तिथल्या गृहखात्याला परिपत्रक काढून सांगावे लागले की बौद्ध धर्म वेगळा आहे आणि परवानगी घ्यावी लागेल. परिपत्रकाचा पहिला भाग बरोबर आहे. दुसऱ्या भागाला माझा आक्षेप आहे : विवेकाला जिल्हाधिकाऱ्याची सही लागत नाही, आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात जे घडले ते अशा सहीच्या अटीखाली त्या रीतीने घडू शकले नसते.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ६५ लाखांहून अधिक लोकांनी धर्माच्या रकान्यात बौद्ध लिहिले. देशातल्या बौद्धांपैकी तीनचतुर्थांशांहून अधिक. त्यांना या स्पष्टीकरणाच्या आधारे हिंदू ठरवणारा अर्थ कलमाच्या शब्दांत बसत नाही, १९६० च्या दशकातल्या निकालात बसत नाही, आणि म्हणून तो सोडून द्यावा.